घंटा झाली की उभा राहणारा

आमच्या शाळेचा शिपाई मामा घंटा ऐकली की उभा राहायचा. शाळेचीच घंटा पाहिजे असं नाही. देवळाची चालायची, कुल्फीवाल्याची चालायची. एकदा भाच्याच्या लग्नात तो पंगतीत बसला होता. शेजारच्या मारुतीच्या देवळात कुणीतरी घंटा बडवली आणि हा तोंडात जिलेबी धरून उभा. वाढप्याला वाटलं, याचं जेवण झालं. त्याने पान उचललं. मामा उपाशी घरी आला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "जिलेबी बरी होती."

मी त्या शाळेत खिचडी शिजवत होते. पोरं मला मावशी म्हणायची आणि त्याला मामा. शिक्षकही तेच म्हणायचे, मुख्याध्यापक सरही तेच म्हणायचे. त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. माणूस मूळचा सायखेड्याचा, उंच आणि वाळका. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला पेन. व्हरांड्यात पितळेची थाळी टांगलेली होती आणि तिच्यावर लाकडी हातोडा मारायचं काम त्याचं. हे काम त्याने तीस वर्षं केलं, आणि जणू सूर्य त्याला विचारून उगवतो अशा तोऱ्यात केलं. एका पंधरा ऑगस्टला कुणी साहेब भाषणाला उभे राहिले. भाषण लांबलं. ठरलेली वेळ झाली तशी मामाने घंटा दिली. सगळी पोरं लिमलेटच्या गोळ्यांकडे पळाली आणि साहेब माइकसमोर एकटे राहिले. सर त्याच्यावर इतके ओरडले की त्यांचा चष्मा खाली पडला. मामाने चष्मा उचलून दिला आणि म्हणाला, "सर, वेळ झाली होती."

याच माणसाची दहावी राहिलेली होती. बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजीसुद्धा सुटलं. गणित सुटेना. दर एकदोन वर्षांनी तो बाहेरून फॉर्म भरायचा, गणितासाठी नवीन पेन घ्यायचा आणि नापास व्हायचा. असं अकरा वेळा झालं. सतरा मार्क, एकोणीस, बावीस, परत सतरा. दहावीची पोरं त्याला चिडवायची, "मामा, यंदा आपण एकाच बॅचला ना?" तो चिडायचा नाही. "हो, पण तुम्ही पुढं जाल, मला पुढच्या बॅचला थांबायला लागतं," असं सरळ सांगायचा.

मी चौथी शिकलेली बाई. आमच्या वडिलांनी सांगितलं, वाचता येतं ना, मग पुरे. त्यामुळे एकच इयत्ता अकरा वेळा करायची हौस मला कळत नव्हती. मी त्याला म्हणायचे, "सोड ना आता. घंटा बडवायला गणित कशाला?"

"गणित माझं वैरी नाय, मावशी. आमची नीट वळखच झाली नाय."

मग आमचा कारकून रिटायर झाला आणि गोष्ट हौसेची राहिली नाही. सरांनी मामाला बोलावलं. टायपिंगची परीक्षा तो कधीच पास झालेला होता, अक्षरही चांगलं होतं. सर म्हणाले, "अर्ज देऊन ठेव. दहावीचा कागद आणलास की खुर्ची तुझी." मामाने त्याच दिवशी अर्ज दिला. कागद तेवढा जोडायचा राहिला. त्याने बाराव्यांदा फॉर्म भरला, नवीन पेन घेतलं, आणि करोना आला.

शाळा बंद झाली. पोरं घरी, मास्तर घरी. पुढे आईबापांना तांदूळ आणि डाळ मोजून द्यायचं काम निघालं, म्हणून मी जात होते. मामा तर पहिल्या दिवसापासून जात होता. आणि रिकाम्या शाळेत दहा चाळीसला घंटा देत होता. मग प्रत्येक तासाला एकेक, मधल्या सुट्टीला लांबलचक, शेवटी सुटायची. एक दिवस पोलीस आला, हातात काठी.

"कोणी चालू केली शाळा?"

"शाळा बंदच हाय साहेब," मामा म्हणाला. "घंटा चालू हाय."

"कोणासाठी वाजवू राहिला?"

"अकरा वीस झाले म्हणून."

पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मारू नका. तो असाच हाय." पोलीस निघून गेला. आठ दिवसांनी बघते तर चौकातले पोलीस आमच्या सुटायच्या घंटेवर ड्युटी बदलत होते.

मग मोबाइलवरचे वर्ग सुरू झाले. गणिताच्या मॅडम तरुण होत्या. त्यांच्या घरात दोन लेकरं, एक टीव्ही आणि त्यापेक्षा मोठ्या आवाजाची सासू. म्हणून त्या शाळेत येऊन रिकाम्या वर्गात फळ्यावर शिकवायच्या. मोबाइल ठेवायला माझं पातेलं नेलं, ते उपडं घालून त्यावर मोबाइल उभा केला. तो सारखा घसरायचा आणि पोरांना गणिताऐवजी छत दिसायचं. शेवटी मामा म्हणाला, "द्या, मी धरतो." चाळीस मिनिटं हात न हलवता त्याने मोबाइल धरला. त्या दिवसापासून ते त्याचं कामच झालं.

मॅडम विचारायच्या, "सांगा, क्षची किंमत किती?" मोबाइलमधली चाळीस पोरं चिडीचूप. कोण झोपलेलं, कोण गेम खेळू राहिलेलं. मग मोबाइलच्या मागून जाड आवाज यायचा, "तीन." एका पोराच्या बापाने फोन करून विचारलं, "मॅडम, वर्गात तो बाप्या कोण बसवला? आमच्या पोराला उत्तर द्यायचा चान्स भेटत नाय." मॅडमनी मामाला गप्प राहायला सांगितलं. मग सगळाच वर्ग गप्प झाला, तेव्हा त्यांनी त्याला परत बोलायला सांगितलं. दहातली आठ उत्तरं बरोबर यायची. एकदा त्या चकित होऊन म्हणाल्या, "मामा, तुम्ही नापास कसे काय होता?"

"सवय झाली, मॅडम."

त्या वर्षी दहावीची परीक्षाच रद्द झाली. सगळ्यांना आधीच्या मार्कांवरून पास केलं. मामालाही केलं, सुटलेल्या विषयांच्या मार्कांवरून. गणितात पस्तीस. त्याची बायको पेढे घेऊन शाळेत आली. ठसठशीत बाई, बोलायला मागेपुढे न बघणारी, म्हणून माझं तिच्याशी जमायचं. ती पेढे वाटत होती आणि हा पायरीवर बसला होता, घरात कुणी गेल्यासारखं तोंड करून.

"काय रे, आनंद होऊ नाय राहिला का?" मी विचारलं.

"मी पास झालो नाय, मावशी. मला पास केलं."

"फरक काय?"

"पेपर न देता पास म्हणजे घंटा न होता सुट्टी. पोरं पळतात, पळू दे. शिपायानं पळायचं का?"

"कागद सरांना दे आणि खुर्चीवर बस. बसल्यावर कर विचार."

"तू खिचडी न शिजवता रिकामं पातेलं वाढशील का?"

"पोरं न भांडता खाणार असतील तर वाढीन."

त्याने ऐकलं नाही. निकाल सुधारण्यासाठी परत परीक्षा देता येते, हे त्याने मॅडमकडून काढून घेतलं. स्वतःच्या हाताने पास होईन तेव्हाच कागद देईन, असं जाहीर केलं. करोनाचा कागद घरी पत्र्याच्या पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. बायको त्याला काय काय बोलली ते मी इथे लिहीत नाही. सगळं बरोबर बोलली.

मॅडमना मात्र त्याचं कोडं सुटत नव्हतं. त्यांनी एक दिवस वर्गात बसवून त्याला पूर्ण दोन तासांचा पेपर दिला. मी दारात डाळ निवडत होते. तास संपायची वेळ झाली तसा मामा उठला, घंटा देऊन आला आणि परत बसला. मॅडम म्हणाल्या, "आज घंटा देऊ नका." तो "बरं" म्हणाला. पण पुढच्या तासाची वेळ जवळ आली तसं त्याने पेन खाली ठेवलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसला. कपाळाला घाम. वेळ टळून गेल्यावरही पाच मिनिटं तो तसाच, काहीतरी गुन्हा केल्यासारखा. मग कुठे परत गणितात शिरला, तेही वरून सगळं पहिल्यापासून वाचून.

मॅडमनी पेपर तपासला. सोडवलेलं बरंचसं बरोबर होतं. निम्मं सोडवलेलंच नव्हतं.

"बोर्डाच्या परीक्षेत पण असंच होतं का, मामा?"

"तिथं दर अर्ध्या तासाला टोल देतात. आता तो शिपाई आपल्याला माहितीचा नाय. टाइमावर देतो की नाय, लक्ष ठेवायला लागतं."

"तुम्ही पेपर लिहायचा की त्याच्या घंटेवर लक्ष ठेवायचं?"

"एकदा त्यानं चार मिनिटं उशिरा दिली, मॅडम. मी उठून त्याला सांगायला गेलो."

"पेपर सोडून?"

"कोणीतरी सांगायला पाहिजे ना."

मॅडमनी डोक्याला हात लावला. शेवटच्या दहा मिनिटांचा इशारा म्हणून घंटा व्हायची, तेव्हा हा पेपर मिटून ठेवत होता, हेही त्यातून निघालं. बाकीच्या विषयांत निभावून गेलं. निबंधातलं अर्धं वाक्य सुटलं तर परत धरता येतं. गणितात मधला एक आकडा सुटला की पुढचं सगळं गेलं. तीस वर्षं या माणसाची समजूत की आपलं डोकं दगडाचं आहे. मी डाळीचं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, "याचं डोकं जाग्यावर हाय. बूड जाग्यावर नाय."

मग इलाजही मलाच करायला लागला. मॅडम म्हणाल्या, मामा पेपर सोडवत असताना मावशींनी वाटेल तेव्हा घंटा द्यायची आणि मामांनी उठायचं नाही. पहिल्या दिवशी मी हातोडा मारला तसा तो उभा. मी खिडकीतून ओरडले, "बस खाली!" बसला. परत मारला, परत उभा. दुसऱ्या दिवशी मी तांदळाच्या गोणीची सुतळी आणून त्याला कमरेला बाकाशी बांधला. घंटा दिली. तो बाकासकट उभा राहिला.

महिनाभर हे चाललं. समोरच्या बंगल्यातले म्हातारे आजोबा फाटकाशी आले. "मावशी, मी तुमच्या घंटेवर गोळ्या घेतो. काल माझ्या तीनदा झाल्या." त्यांना सांगितलं, घड्याळ घ्या. मामाला ते जास्त लागलं. वेळेच्या बाहेर घंटा वाजते म्हणून तो दोन दिवस जेवला नाही. मी म्हटलं, जेवू नको, पण बस.

आणि एक दिवस तो बसला. मी लागोपाठ चार टोल दिले. त्याने मान वर केली नाही. पेपर संपल्यावर मी विचारलं, "कसं काय जमलं रे?"

"मी मनात म्हटलं, ही मावशीची घंटा हाय. हिच्यावर काय भरवसा!"

मला राग आला, पण इलाज लागू पडला होता.

इकडे थंडीत सरांनी मला ऑफिसात बोलावलं. कारकुनाची जागा अशी किती दिवस रिकामी ठेवणार, असं वरून विचारणं आलं होतं. महिनाअखेर नेमणुकीचा प्रस्ताव गेला नाही तर दुसऱ्या शाळेतला जादाचा कारकून इथे येणार. "मामाला सांगा, कागद द्या म्हणावं. परीक्षा नंतर देत बसा." मामाला सांगून उपयोग नव्हता. मी त्याच्या बायकोला सांगितलं.

मामा आंघोळीला जाताना करदोड्याची किल्ली खुंटीला लावत होता. बायकोने पेटी उघडली, कागद काढला, पेटीला परत कुलूप लावलं आणि सकाळी दहाला आम्ही दोघी सरांच्या टेबलासमोर उभ्या.

सर म्हणाले, "त्याला न विचारता कसं घेऊ?"

ती म्हणाली, "सर, मला न विचारता त्याच्याशी लग्न लावलं. चाललंच ना?"

सरांनी कागदाकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कागद सांगतो की तो पास आहे. तो स्वतः काय म्हणतो ते मला विचारलेलं नाही." कागदावर आवक नंबर पडला, शिक्का पडला, तारीख पडली. प्रस्ताव गेला. आता मामा नापास झाला असता तरी खुर्ची त्याचीच होती. हे त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. तो मात्र पहाटे उठून बीजगणित करत होता. मला त्यात वाईट वाटलं नाही. करणाऱ्याला करू द्यावं.

त्या वर्षी पोरांना ज्याच्या त्याच्या शाळेतच परीक्षेला बसवलं. मामाही आमच्याच शाळेत बसला, रजा टाकून. शिपाई एकच, तो बाकावर. मग घंटा कोण देणार? सरांनी स्वतःचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "मावशी, या वेळी वेळेवर."

गणिताच्या पहिल्या पेपरला मी अर्ध्या तासाची घंटा दिली आणि खिडकीतून बघितलं. मामाचं बूड बाकावरून चार बोटं उचललं. त्याने दोन्ही हातांनी बाक धरला आणि स्वतःला खाली बसवलं. त्याच्या मागचं पोरगं तोंडावर हात धरून हसत होतं. दुसऱ्या घंटेला फक्त पेन थांबलं. तिसरीला तेही नाही. शेवटच्या दहा मिनिटांची घंटा दिली तेव्हा त्याने नवीन पान उलटलं. अकरा वेळा ज्या घंटेला पेपर मिटला, त्या घंटेला त्याने पान उलटलं. मी घड्याळ विसरून बघत राहिले. सरांनी मागून हटकलं म्हणून बरं.

मग शेवटची घंटा दिली. सगळ्यांनी पेनं ठेवली. मामा लिहीतच होता. वर्गावरचे सर पेपर ओढायला लागले, हा सोडेना.

"मामा, वेळ संपली! घंटा झाली!"

"ती मावशीची घंटा हाय," मामा मान वर न करता म्हणाला. "थांबा दोन मिनिटं."

शेवटी त्याच्या हातातून पेपर हिसकावून घ्यावा लागला. नंतर तो माझ्याकडे आला. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल. म्हणाला, "दुसरी घंटा मिनिटभर लवकर दिलीस."

निकाल लागला. गणितात एक्केचाळीस. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांचं वय तसं होतं. मामाने मोबाइल हातात घेऊन तो आकडा बराच वेळ बघितला. मग इस्त्रीचा शर्ट घालून, मिळाला त्या दिवशीच कागद घेऊन सरांपुढे गेला आणि दोन्ही हातांनी कागद पुढे केला. सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. "ठेव मामा, ठेव," सर म्हणाले. पंधरा दिवसांत त्याची ऑर्डर आली. इतक्या लवकर सरकारी काम कसं झालं, याचं त्याला नवल वाटलं. गणिताला मान आहे, असं त्याने ठरवलं.

जूनमध्ये शाळा भरली, खिचडी सुरू झाली, मामा खुर्चीवर बसला. सरांनी त्याला कपाटाच्या किल्ल्या दिल्या आणि सगळ्यांच्या फायली नीट लावायला सांगितल्या. सरांचंही डोकं कधीकधी चालत नाही. तिसऱ्या दिवशी मामा फाइल घेऊन स्वयंपाकघरात आला. माझी डाळ उकळत होती.

"मावशी, हा करोनाचा कागद जानेवारीत आवक झालाय."

"झाला असंल."

"माझा पेपर मार्चात झाला."

"मग?"

"म्हंजी मी बाकावर बसून झगडू राहिलो होतो, तवा मी कारकून झालेलोच होतो."

"कागदावर झाला होतास. गणितात नव्हता झालास. ते तू केलं."

यात बायकोचाही हात आहे, हे त्याला न सांगता कळलं असणार, किल्लीपाशी दुसरं कोण जाणार? आता हा आरडाओरडा करणार, नाहीतर खुर्ची सोडणार, असं मला वाटलं. दोन्हीपेक्षा कागद गेलेला बरा. मी म्हटलं, "एवढा खुपतो तर टाक जाळावर. गॅस पेटलेला हाय. दुसरा कागद हाय ना फायलीत."

त्याने कागद फायलीतून काढला. गॅसकडे बघितलं. कागदावरच्या शिक्क्याकडे बघितलं. मग कागद परत जागेवर लावला आणि दोरा बांधला.

"आवक नंबर पडलेला कागद जाळता येत नाय," तो म्हणाला आणि गेला.

दुपारी नवीन शिपायाच्या हातून मला एक चिठ्ठी आली, टाइप केलेली. संबंधित कर्मचाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याचा कागद कार्यालयात का दिला, याचा खुलासा तीन दिवसांत लेखी द्यावा. खाली मामाची सही. मी चौथी शिकलेली, तरी लिहिता येतं. मी त्याच चिठ्ठीच्या मागे लिहिलं, "कागद मी दिला. चूक केली नाही. परत वेळ आली तर परत देईन." आणि ऑफिसात नेऊन त्याच्या टेबलावर ठेवली.

त्याने ती दोनदा वाचली. मग मोठं रजिस्टर उघडलं, माझ्या खुलाशावर आवक नंबर टाकला आणि फायलीत लावून घेतला.